बिरप्पाच्या पाठीवरचं तेल

जे लिहायला बसलोय, ते माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. एका घरात राहून सहा वर्षं एखादी गोष्ट पोटात ठेवायची म्हणजे फार अवघड जात असेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही आधी वाटलं होतं. पण नाही — तसं सोपं असतं. विषय निघाला की उठून पाणी प्यायला जायचं, बस्स. आज मात्र उठायचं नाही असं ठरवून बसलोय. बघू, किती वेळ जमतं.

मी कर्नाटकात, बिदर जिल्ह्यातल्या मंठाळजवळच्या एका गावात, मराठी शाळेत, विज्ञान शिकवतो. नववीला पेशीचा धडा आहे. पेशीभोवती पातळ पडदा असतो, त्याला पेशीपटल म्हणतात. तो सगळ्यांना सारखं वागवत नाही. पाणी येतं-जातं, मनुके भिजत घातले की टम्म फुगतात, बटाट्याच्या फोडीवर मीठ टाकलं की तिला पाणी सुटतं. प्राणवायू कुणाला न विचारता आत शिरतो. साखरेला, मिठाला मात्र ठरलेल्या दारानंच जावं लागतं. हा धडा मी चांगला शिकवतो. चांगला म्हणजे — लोक तसं म्हणतात. लोकांनी म्हटलेलं मला फार आवडतं. हा माझा जुना रोग आहे, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

बिरप्पा आमच्या गल्लीच्या टोकाला राहायचा. त्याच्या बापापर्यंत घरात मेंढरं होती. त्याच्याकडे नुसता पाठीवरचा पंप उरला होता. तूर फुलोऱ्यात आली की अळी पडते, आणि मग दिवाळीनंतरचा महिनाभर तो या शेतातून त्या शेतात रोजानं फवारत फिरायचा. काटक माणूस. बोलायचा कमी, ऐकायचा फार. शिकलेल्या माणसाचं तर तो हात बांधून ऐकायचा. असा ऐकणारा मिळाला की माझं काय होतं, ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल.

आमच्याकडे तुरीची रास करताना, म्हणजे मळणीच्या वेळी, अंगाला खाज सुटते, म्हणून लोक हातापायांना करडीचं तेल चोळून घेतात. जुनी रीत आहे, आणि खाजेपुरती ती खोटीही नाही. एकदा हॉटेलात चहा पिताना बिरप्पानं मला विचारलं की फवारायला जाताना तेल लावलं तर चालेल का, औषध अंगात मुरायचं थांबेल का. भोवती सहा-सात माणसं बसली होती. मला माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. किती लहान वाक्य आहे हे — आणि वर्गात, गावात, घरात मी ते कधी म्हटल्याचं मला आठवत नाही.

मी पाण्याचा ग्लास मागवला. भज्यांच्या ताटलीतलं तेल बोटावर घेऊन त्यात सोडलं. थेंब वर तरंगत राहिला. म्हटलं, बघा, तेल आणि पाणी एक होतंय का? औषध तुम्ही पाण्यात कालवता. मग तेलाच्या थरातून ते आत जाईल कसं? माणसं माना डोलवायला लागली. हॉटेलवाल्यानं माझ्या चहाचे पैसे घेतले नाहीत. बिरप्पा तर त्या ग्लासाकडे असा बघत राहिला, की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवसापासून तो तेल लावून फवारायला जायला लागला. हाताला, मानेला, पाठीला. पाठीला त्याचा हात पुरायचा नाही, म्हणून त्याची बायको सुंदराबाई सकाळी लावून द्यायची. सगळी गल्ली तिला अक्का म्हणते, मीही म्हणतो.

त्यानंतर आठवडाभरानं मी वर्गात तोच धडा शिकवत होतो. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं — सर, फवारायचं औषध पाण्यात ओतलं की दुधासारखं पांढरं कामून होतंय? त्यात तेल असतंय काय? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि नजर पुस्तकावर गेली. तिथं ओळ होती. दर वर्षी मी ती मोठ्यानं वाचत आलो होतो, त्या वर्षीही दोन दिवसांपूर्वी वाचली होती. पेशीपटल मुख्यतः स्निग्ध पदार्थांचं बनलेलं असतं. जे पदार्थ स्निग्धात विरघळतात, ते त्यातून सहज पार होतात. सहज. हा शब्द छापलेला होता.

म्हणजे ते औषध मुळात तेलकट. पाण्यात ते विरघळत नाही, नुसतं विखुरतं. आणि मी काय केलं होतं? त्याला अडवायला कातडीवर तेल चोळायला सांगितलं होतं. त्याला जे हवं, तेच मी दारात नेऊन ठेवलं होतं. अंगावर पडलेलं औषध तेलात भिनणार, तिथं दिवसभर बसून राहणार, घामानं धुतलंही जाणार नाही, आणि सावकाश, काही न बोलता, एका पेशीतून पुढच्या पेशीत जात राहणार. त्या मुलीला मी काय सांगितलं, आठवत नाही. घंटा झाली, एवढं आठवतं.

तेव्हा बिरप्पा जिवंत होता. धडधाकट होता. हे नीट ऐका, कारण माझी चूक हॉटेलातली नाही. हॉटेलात मी मूर्ख होतो, आणि मूर्ख माणसाला लोक माफ करतात. पण त्या तासानंतर मी मूर्ख राहिलो नव्हतो.

त्यानंतर बारा-तेरा दिवस तो मला रोज दिसला. सकाळी शाळेला जाताना समोरून यायचा, दंड तेलानं चमकत असायचे, पंपाच्या झाकणातून गळून बंडी मागून ओली झालेली असायची. रोज मी ठरवायचो, आज सांगू. पण कसं सांगणार? तोवर त्यानं गावभर करून टाकलं होतं — सरांनी सांगितलंय, सरांनी ग्लासात करून दाखवलंय. आणखी दोघं-तिघं तेल लावून फवारायला लागले होते. मी म्हणायचो, एकदोन दिवसांनी एकट्याला गाठून सांगू. एकदा तो स्वतःच थांबला. म्हणाला, संध्याकाळी डोकं जड व्हायलंय, तोंडाला पाणी सुटतंय, उन्हानं असंल. मी म्हणालो, असेल.

असेल, म्हणालो.

शेवटच्या दिवशी पहाटे त्याचं नि अक्काचं भांडण झालं. तिच्या भावाच्या पोराचं जावळ होतं, उमरग्याकडे, तिच्या माहेरी. तिला जायचं होतं. यानं दोन दिवसांची फवारणी कबूल केली होती. ती ओट्यावर येऊन ओरडली, मर तिकडंच फवारत. सगळ्या गल्लीनं ऐकलं. आमच्या बायका रागात असं रोज म्हणतात, कुणी मनावर घेत नाही. मग तिनंच त्याच्या पाठीला तेल लावलं आणि तो गेला.

दुपारी तो शेतातून अर्धवट चालत, अर्धवट स्वतःला ओढत घरी आला आणि उंबऱ्यात पडला. घामानं निथळत होता, तोंडातून लाळ, दंडाचं मांस आपोआप उडत होतं. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. शेजारच्याच्या जीपमध्ये घालून आम्ही त्याला तालुक्याच्या गावी, एका दवाखान्यात नेलं. अक्काला कन्नड येत नाही. डॉक्टर तरुण होते, म्हैसूरकडचे, त्यांना मराठी येत नव्हतं. दोघांच्या मध्ये मी उभा होतो. तिचं बोलणं त्यांच्यापर्यंत आणि त्यांचं तिच्यापर्यंत जाणार ते माझ्यातूनच.

डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? प्यायलाय का? मी अक्काला विचारलं. तिनं सगळं नीट सांगितलं.

"सर, त्यास्नी सांगा, पाठीला त्याल मीच लावलंय सकाळी, तुमी सांगितल्यापासून रोज लावायलेव. पाठ समदी औषधानं भिजून आली व्हती. अन् पहाटं मी भांडलेव त्यास्नी, मर म्हनलेव."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मी कन्नडमध्ये सांगितलं — पहाटे नवरा-बायकोचं भांडण झालं होतं, ती त्याला मर म्हणाली होती.

एवढंच सांगितलं. खोटं एक अक्षर बोललो नाही. तिनं सांगितलेल्यातलं मला हवं ते पुढे जाऊ दिलं, आणि उरलेलं अडवलं. तेल अडवलं. भिजलेली पाठ अडवली. डॉक्टरांनी मान हलवली, त्यांना जे कळायचं ते कळलं. पोटात नळी गेली, पोट धुतलं, इंजेक्शनं झाली. त्यांचा काडीचा दोष नाही. जे सांगितलं त्यावर ते चालले. पाठ कुणी साबणानं धुतली नाही. बंडी काढली, वर चादर टाकली, आणि तो त्या तेलावर उताणा पडून राहिला. मी पायाशी उभा होतो. चादरीखाली काय चाललंय, हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं. दार उघडंच होतं, आणि औषध आत जातच होतं.

पाठ धुतली असती तर तो वाचला असता का? कुणी सांगावं. दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत तो गेला.

कागदावर नोंद झाली, घरगुती भांडणातून विष प्यायला. गावानं तेच म्हटलं. आणि अक्कानंही तेच मानलं — कामून मानू नये तिनं? अंगातून तर विष जाणार नव्हतं, तेल होतं ना. सरांनी ग्लासात दाखवलं होतं. मग उरतं काय? तोंड. त्याच्या तोंडापर्यंत ते तिच्या बोलण्यानं गेलं, असा तिनं हिशेब केला. मीच शिकवलेल्या विज्ञानानं केला.

बाकीच्या फवारणाऱ्यांना मी नंतर सांगितलं. म्हटलं, आताच्या नव्या औषधांना तेल चालत नाही, लावू नका, साबणानं अंघोळ करा. आताच्या नव्या, असं म्हणालो. त्यांनी ऐकलं, त्यांना काही झालं नाही. धडा अजून शिकवतो. ती ओळ आली की मुलांना सांगतो, हे घरी वाचा.

तिच्या माहेरचे त्या जावळापासून तिच्याकडे आले नाहीत. तिचा मुलगा तिच्याशी कामापुरतं बोलतो. सून-मुलाचा आवाज जरा चढला की ती मध्ये जाऊन सुनेचे पाय धरते, नको बाई, गप, माणूस जीव देतोय. सून हसते. मी माझ्या ओट्यावरून हे ऐकतो. हसणाऱ्या सुनेचा मला राग येतो; त्या रागाचा मला काय अधिकार आहे, हेही कळतं. सहा वर्षांत त्या घरातून अक्काचा मोठा आवाज एकदाही आलेला नाही.

मी म्हणायचो, खरं सांगितलं तर तिला जास्त लागेल, तेल तिच्याच हातानं लावलेलं होतं. छान कारण आहे ना? दोन वर्षं मला पुरलं. त्या हातांना काही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

गेल्या महिन्यात ती आमच्या घरी आली. बायको बाहेर गेली होती. अक्का आत आली नाही, दाराला धरून उभी राहिली.

"सर, तुमी व्हता तितं. खरंच पिलते का वो त्ये?"

मी म्हणालो, "आता कशाला ते, अक्का."

ती म्हणाली, "व्हय," आणि गेली.

तो प्यायला नव्हता. दवाखान्यातही मला ते माहीत होतं, आणि ती दारात उभी होती तेव्हाही. ते मी इथं कागदावर लिहिलंय, तिला सांगितलेलं नाही. अक्काला वाचता येत नाही, हे लिहायला बसतानाच मला माहीत होतं.