तळपायावरची निळी रेघ

ऑफिसात प्रथमोपचाराचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतल्यापासून मी घरात जरा असह्य झालो होतो. कुणी शिंकलं तरी त्याची नाडी बघायला जायचो. त्यामुळे एका रविवारी सकाळी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर आमची नऊ वर्षांची मुलगी कळवळून एका पायावर उभी राहिली, तेव्हा मला आधी काळजी वाटली की उत्साह आला, हे आज छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

आम्ही दोघंच गेलो होतो. निघताना बायकोने एकच बजावलं होतं, वाळूत हिला चपला काढू देऊ नकोस, मासळीचे काटे असतात. मुलीने चपला काढू का विचारलं. मी म्हणालो, काढ.

तळपायाला टाचणीने टोचावं एवढंसं भोक होतं आणि रक्ताचा एक थेंब. मी बाटलीतल्या पाण्याने पाय धुतला, रुमाल बांधला आणि जखम किरकोळ असल्याचं जाहीर केलं. बाजूला बांबूंवर बोंबील वाळत घालणारी एक बाई हे सगळं बघत होती. ती येऊन खाली बसली, रुमाल सोडला आणि अंगठ्याने दाबून पाहिलं. मुलगी ओरडली.

"शिंगाल्याचा काटा हाय भाऊ," ती म्हणाली. "टोक आत मोडलं असंल. गरम पान्यात पाय ठेव नि डाक्टरला दाखव."

शिंगाळा हा मिशांचा मासा, आणि त्याच्या काट्याला करवतीसारखे दाते असतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी तिचे आभार मानले आणि तिचा सल्ला तिथेच वाळूत सोडून आलो. तिने कुठे प्रशिक्षण घेतलं होतं?

एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या घरी पोचेपर्यंत मी बायकोला काय सांगायचं ते ठरवलं होतं. चपलेतून काहीतरी टोचलं, म्हणालो. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि ती लंगडत आत गेली. आता डॉक्टरकडे जायचं तर तो कसं झालं ते विचारणार, आणि बायको शेजारीच बसलेली असणार. म्हणून मी निरीक्षणाचा मार्ग पत्करला.

सोमवारी भोकाभोवती लाली आली. प्रशिक्षणात शिकवलं होतं की लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढायची. लाली रेघेबाहेर गेली तर डॉक्टर. मी निळ्या पेनाने सुबक गोल काढला. रोज अंघोळीत तो पुसायचा, रोज मी नवा काढायचो, आणि बायकोने विचारलं की छाती काढून सांगायचो, लाली रेघेच्या आतच आहे.

बुधवारी मुलीची गणिताची चाचणी होती, म्हणून लंगडणं थोडं नाटकी असावं असा मला संशय आला. मी सकाळी दाराआडून लपून पाहिलं. कुणी बघत नसतानाही ती भिंतीला धरून, टाचेवर चालत पाणी प्यायला गेली. पेन घेऊन मी तिच्याजवळ बसलो आणि त्या दिवसाचा गोल काढला.

"बाबा, सोमवारी हा तीळ गोलाच्या बाहेर होता," ती तळपायाकडे बोट दाखवत म्हणाली. "आज आत आलाय."

तीळ सरकत असतील का, असा विचार माझ्या मनात खरोखरच क्षणभर येऊन गेला.

"तू रोज लाल असेल तिथपर्यंत नवीन गोल काढतोस," तिने शांतपणे समजावलं.

मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला चपलांपासून सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला. "भांडण नंतर करू," ती म्हणाली. "रिक्षा बोलव."

डॉक्टरांनी सोनोग्राफी करून घेतली. काटा आत होता. जागा बधिर करून त्यांनी छोटीशी चीर दिली आणि तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा तुकडा बाहेर काढला. हे मला ऐकून माहीत आहे, कारण चीर देताना माझे कान गुंजायला लागले आणि नर्सने मला धरून बाहेरच्या बाकावर आडवं केलं. आत मुलगी आईचा हात धरून पडून होती, आणि बाबा बरे आहेत का, असं दोनदा विचारत होती.

तीन दिवस उशीर झाल्याबद्दल डॉक्टर बोलले. ते मी ऐकून घेतलं. घरी आल्यावर बायको बोलली, तेही ऐकून घेतलं. ते डॉक्टरांपेक्षा बरंच सविस्तर होतं.

दहा-बारा दिवसांत जखम भरली. मुलीने तो तुकडा एका डबीत घालून शाळेत नेला आणि वर्गाला सगळी हकीकत सांगितली, काहीही न गाळता. पुढच्या पालकसभेत तिच्या बाईंनी मला पाहताच खुर्ची पुढे केली आणि फार आपुलकीने विचारलं, "आता बरं वाटतंय ना तुम्हाला?"

मी हो म्हणालो आणि बसलो.