पहिल्या सभेला गैरहजर

आमच्या शिडाच्या होड्यांच्या क्लबच्या स्मरणिकेसाठी इतिहास लिहून द्या, असं अध्यक्षांनी मला सांगितलं आणि वर जोडलं, ‘थोडक्यात, आणि वाद नको.’ म्हणजे इतिहास नको होता, दीड पान हवं होतं.

हे अध्यक्ष आमच्या मूळच्या चौघांपैकीच. बाकीचे दोघे वारले. आम्ही चौघंही खडकीच्या कारखान्यात नोकरीला. समुद्र पाहिलेला तो कोकणातल्या सहलीपुरता, तरी शिडाची होडी बांधायचं खूळ डोक्यात शिरलं. कोथरूडला माझ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लायवूडची होडी उभी राहिली आणि तिच्यावर सेक्रेटरींची नोटीस चिकटली: ‘सदर वस्तू वाहन नसल्याने त्वरित हलवावी.’ शीड माझ्या बायकोने घरच्या मशिनवर शिवलं. टेम्पोत घालून होडी खडकवासल्याला नेली आणि पहिल्याच दुपारी उलटवली.

आम्हाला बाहेर काढलं ते काठावरच्या एका शेतकऱ्याने. आम्ही त्यांना आबा म्हणायला लागलो. ‘वारा कुटनं येतोय ते तरी बघायचं, सायेब,’ एवढंच ते बोलले. पलीकडून गवत आणताना ते आपल्या होडीवर ताडपत्री बांधून वाऱ्यावर घरी यायचे. म्हणजे आमच्या माहितीत तरी या पाण्यावर शीड आधी त्यांनी लावलं होतं. आमच्या पुस्तकात समुद्राचा वारा होता. डोंगराच्या खिंडीतून दुपारी उतरणारा वारा आबांनी शिकवला. लांब पाणी काळं पडलेलं दिसलं की वाऱ्याचा झोत येतोय, शीड सैल सोडायचं, हे मी आजही नव्या सभासदांना शिकवतो आणि शहाणा ठरतो. होडीही वर्षानुवर्षं त्यांच्याच जागेत राहिली.

मग क्लब काढायचं ठरलं. आम्ही पडलो पुणेकर. दुसरी होडी व्हायच्या आधी आमची घटना तयार झाली. एका रविवारी माझ्या घरी सभा भरली आणि अर्धविरामांवरून तीन तास चालली. ‘पहिल्या सभेस उपस्थित असलेले तेच संस्थापक सभासद’ हे कलम मी सुचवलं. सगळ्यांनी वा वा केलं. आबा तिथे नव्हते, कारण त्या दिवशी वारा फार होता आणि होडीजवळ थांबा असा निरोप त्यांना आम्हीच धाडला होता. दिवसभर ते तिथे बसून राहिले. त्यांना मुद्दाम वगळलं असतं तर निदान त्यांची आठवण तरी झाली असती. आमच्या ते ध्यानातच आलं नाही.

यंदा मी इतिहास लिहिला आणि संस्थापकांत पहिलं नाव आबांचं घातलं. अध्यक्षांनी ते खोडून तिथे लिहिलं, ‘स्थानिकांचे मोलाचे सहकार्य लाभले.’ मी फोनवर आवाज चढवला. ‘अहो, कलम आपलंच आहे,’ ते शांतपणे म्हणाले. स्वतः ते पोहता न येणारे, आणि त्या दुपारी आबांच्या गळ्याला मिठी मारून काठाला लागलेले. मला त्यांची किळस आली, आणि माझीही.

सर्वसाधारण सभेत भांडायचंच, असं ठरवून मी आबांकडे गेलो. त्यांनी चहा सांगितला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘नका भांडू. माजं नाव नसलं तरी चालंल.’ मग आतून एक कागद आणून माझ्यापुढे ठेवला. त्यांची नात क्लबच्या शिबिरात शीड चालवायला शिकली होती, आता तिला सभासद व्हायचं होतं. अर्जाला दोन संस्थापकांच्या सह्या लागतात.

‘येक तुमची झाली. दुसरी अध्यक्षांचीच घ्यावी लागंल ना? त्यास्नी कशाला चिडवायचं? तुमी गोडीनं सांगा त्यांना. पोरीला लई हौस हाय.’

मी सही केली. आबांनी हात जोडले. ज्यांची सही तिथे आधी हवी होती, ते माझ्या सहीसाठी आभार मानत होते. परतताना गाडी बाजूला घेऊन मी अध्यक्षांना फोन लावला, आणि शक्य तितक्या गोडीने सांगितलं, की तुम्ही केलेला बदल मला मान्य आहे.