जबल शम्सवर हलका बर्फ

जसिंता डाबरे ओमानमधल्या निझव्याला आली तेव्हा तिची पन्नाशी जवळ आली होती. वसईत तिने आधी सासूचं, मग चुलतसासूचं शेवटचं आजारपण काढलं होतं. हट्टी म्हातारी माणसंसुद्धा जसिंताच्या हातचं मुकाट्याने खातात, असं गावात बोललं जायचं. नवरा मार्सेल मस्कतच्या एका हॉटेलात लाँड्री सांभाळायचा आणि तिथल्याच माबेला या उपनगरात खोली घेऊन राहायचा. त्यानेच ओळखीतून तिच्यासाठी काम पाहिलं. खलफान नावाच्या शिक्षकाच्या घरी राहून त्याच्या आईला सांभाळायचं.

आईचं नाव मौझा. तिकडे घरकाम करणाऱ्या बायका मालकिणीला ‘मामा’ म्हणतात. पहिल्या दिवशी जसिंताला हसू आवरेना, कारण तिच्या मामाला चांगल्या झुपकेदार मिशा होत्या. मौझाचा जन्म जबल शम्सच्या डोंगरावर गेला होता, शेळ्या राखण्यात आणि लोकर कातण्यात. ती विसरायला लागली तसं मुलाने तिला खाली आणलं. जसिंता अरबी शिकली ती तिच्याकडूनच. त्यामुळे बाजारातले दुकानदार गमतीने म्हणायचे, ही हिंदुस्थानी बाई डोंगरातल्या आजीसारखी बोलते.

२०१७ चा फेब्रुवारी होता. गुरुवारी दुपारी टीव्हीवर हवामान सांगत होते. जबल शम्सच्या माथ्यावर उद्या हलका बर्फ पडेल, पारा शून्याखाली जाईल, रविवारपासून पुन्हा ऊब वाढेल. खजूर तोंडाशी नेणारा मौझाचा हात तसाच थांबला.

“शेळ्या आत घ्यायला हव्यात,” ती म्हणाली आणि चपला शोधू लागली.

“विसरेल थोड्या वेळाने,” खलफान म्हणाला. पण ती विसरली नाही. दारापाशी जाऊन उभी राहायची, परत बसायची, पुन्हा उठायची. संध्याकाळी जेवणाकडे तिने पाहिलंही नाही. शेवटी जसिंता बाहेर एक फेरी मारून आली आणि म्हणाली, “मामा, खलास, झालं काम. सगळ्या आत घेतल्या.”

“लंगडी?”

“तीही आली.”

मौझाने तिच्याकडे नीट पाहिलं. “लंगडी आपण होऊन येत नाही. तिला उचलून आणावं लागतं. तू गेलीच नाहीस.”

त्यानंतर तिने जसिंताच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

सकाळी जसिंता खलफानपुढे जाऊन उभी राहिली. “तिला वर घेऊन चला.”

“दोन दिवस कळ काढ. रविवारी ऊन तापलं की तिच्या मनातलं जाईल.”

“रविवारचं तुम्हाला ठाऊक आहे. तिच्या शेळ्या आत्ता थंडीत उभ्या आहेत.”

“शेळ्या विकून चार वर्षं झाली. रिकामा गोठा पाहून ती काय करेल, सांगता येतं तुला?”

“नाही सांगता येत,” जसिंता म्हणाली. “पण खोटं मला पुन्हा बोलता येणार नाही. ती ओळखते.”

जुम्म्याची नमाज आटोपून ते निघाले. वर कच्च्या रस्त्यावर गाडी हेलकावे घेऊ लागली तशी मौझा शांत झाली. बंद घरापाशी पोचले तेव्हा दगडांच्या फटीत पांढरं काही साचलेलं होतं. वसईच्या मिठागरात कडेकडेने पहिलं मीठ धरतं, तेवढंच. जसिंता आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघत होती, पण तिचं सगळं लक्ष म्हातारीच्या पावलांकडे होतं.

गोठ्याच्या बुटक्या दारातून मौझाने वाकून आत पाहिलं. बराच वेळ ती तशीच वाकलेली राहिली.

“विकल्यास?”

“हो, आई. तूच म्हणाली होतीस.”

“कुणाला?”

“खालच्या हमरा गावच्या सईदला.”

“मारतो का तो त्यांना?”

“नाही मारत.”

मौझा उंबऱ्यावर बसली आणि रडली, शेळ्या आजच गेल्यासारखी. खलफान पाठ फिरवून डोंगराकडे बघत राहिला. जसिंताने आपल्या शालीने तिचं नाक पुसलं आणि डब्यातली भाकरी पुढे केली. मौझाने ती घेतली, सावकाश चावली आणि म्हणाली, “काल खोटं बोललीस.”

“बोलले, मामा. चुकलं माझं.”

“चहा आणलास?”

रविवारी खरोखरच ऊब आली. त्याआधीच मौझा डोंगरावर गेल्याचं विसरली होती. थंडी पडली की मात्र शेळ्या आठवायच्या, आणि जसिंता सांगायची, मामा, विकल्या, सईदकडे आहेत. म्हातारी कधी नुसती मान हलवायची, कधी रडायची. मार्सेल फोनवर चिडायचा, “रोज नव्याने रडवतेस कशाला त्या बाईला? आल्या आत म्हणून सांग आणि मोकळी हो.”

“मग ती माझ्या हातचं खायची नाही,” जसिंता म्हणायची.

पण हे उत्तर तिचं तिलाच पुरेसं वाटत नसे. मौझा आणखी दीड वर्ष जगली आणि त्या काळात जसिंताला कितीदा तरी वाटलं, मार्सेलचंच बरोबर असेल. अशा दिवशी शेळ्यांचा प्रश्न आला की ती लगेच बोलत नसे. जवळ बसायची, म्हातारीचा हात हातात घ्यायची, आणि मग खरं तेच सांगायची.