लॅब-टेस्टेड तेल, घरपोच

मी गुडघ्यासाठी गांजाचं तेल मागवलं आणि ते मस्कतला घेऊन यायला खालच्या मजल्यावरच्या भाईंना सांगितलं.

हे वाक्य मी बऱ्याच तऱ्हांनी मांडून पाहिलंय. 'औषधी वनस्पतीचा अर्क' म्हणून पाहिलं, 'आयुर्वेदिक उपचार' म्हणून पाहिलं. कसंही मांडलं तरी मूर्ख मीच ठरतो, तेव्हा म्हटलं सरळच सांगून टाकावं.

गुडघा उजवा. आम्ही मस्कतच्या रुवी भागात चौथ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट आहे, पण ती चालण्यापेक्षा 'बुकरा, इन्शाल्ला' म्हणजे उद्या बघू, असं तिच्याबद्दल ऐकण्याचेच दिवस जास्त. नोकरी शहराबाहेर बरक्याला, पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या भरण्याच्या कारखान्यात, तिथल्या लॅबमध्ये. पाण्यात काय आहे आणि काय नाही ते तपासायचं, कागदावर उतरवायचं, शिक्का मारायचा. इतकी वर्षं हेच केल्यामुळे मला एक खोड लागली आहे. ज्या वस्तूला तपासणीचा अहवाल जोडलेला असतो तिच्यावर माझा डोळे मिटून विश्वास बसतो. बायको म्हणते, उद्या कुणी विंचवासोबत अहवाल दिला तर हे विंचू खिशात घालतील.

तर एके दिवशी मोबाईलवर जाहिरात आली. भारतातली कंपनी, विजयेचं तेल. विजया म्हणजे भांग आणि भांग म्हणजे गांजाचंच झाड, हे मला व्यवस्थित माहीत होतं. उगाच भोळेपणाचा आव आणत नाही. पण सरकारी परवाना होता. व्हिडिओ कॉलवर डॉक्टर बोलणार होते, त्यांची चिठ्ठी मिळणार होती, आणि भारतात कुठेही घरपोच. शिवाय खाली तो काळा-पांढरा चौकोन. त्यावर मोबाईल धरला की त्याच बाटलीच्या बॅचचा अहवाल उघडायचा.

मी उघडला. शिसं: आढळलं नाही. पारा: आढळला नाही. आर्सेनिक, कॅडमियम, बुरशी, सतरा प्रकारची कीटकनाशकं, सगळ्यांसमोर 'आढळलं नाही'. खाली सही, तारीख, बॅच नंबर. काय देखणा अहवाल होता! आमच्या लॅबमध्ये इतके सरळ रकाने मी जन्मात पाडले नाहीत. मी तो तीनदा वाचला आणि गुडघा तिथेच थोडा बरा वाटायला लागला.

डॉक्टरांनी वय विचारलं, कुठे दुखतं विचारलं, बीपीच्या गोळ्या विचारल्या. पत्ता विचारला तेव्हा मी भाईंच्या गावचा दिला, रत्नागिरीजवळचा. ओमान हा शब्द त्यांनी विचारला नाही आणि मीही काढला नाही. लपवायचं म्हणून नव्हे. माझ्या डोक्यात विषय संपलाच होता. कायदेशीरपणा हासुद्धा बाटलीचाच एखादा गुण असावा असं मी धरून चाललो होतो. शिसं नाही, पारा नाही, बेकायदेशीरपणा नाही. रत्नागिरीत जे शिसं नाही ते मस्कतला पोचेपर्यंत बाटलीत कुठून येणार?

आता भाईंबद्दल. मवालेहच्या भाजी मार्केटमधून पहाटे पिकअप भरायची आणि रुवीतल्या दुकानांना भाजी पोचवायची, हे त्यांचं काम. आमच्या इमारतीत ते सगळ्यांत जुने. तेव्हा ते रजेवर होते. इथे रजेवर जाणारा माणूस स्वतःचा राहत नाही, हे आखातात राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. जाताना त्याच्या बॅगेत लोकांचे खजूर आणि ब्लँकेटं, येताना लोकांचे मसाले, आमसुलं आणि गोळ्या. स्वतःचे दोन शर्ट तो हँडबॅगेत कोंबतो. भाई या कामात कुणाला कधी नाही म्हणाले नाहीत, म्हणून मीही फोन केला.

"भाई, तुमच्या घरी एक खोकं येईल. गुडघ्याचं तेल आहे."

"येऊ दे की भाऊ. वहिनींचा मसाला बी न्यायचाच हाय. त्यात बसंल तुमचा खोका."

"फक्त उघडू नका हं."

"उघडू नको?"

"अजिबात नको. सील तुटलं की अहवालाला अर्थ राहत नाही."

"बरं," भाई म्हणाले, आणि आंब्याच्या कलमांबद्दल बोलायला लागले.

भाईंचं विमान शुक्रवारी दुपारी उतरणार होतं. शुक्रवार म्हणजे सुट्टी. सकाळी पोहे खाता खाता मी अकरावीतल्या मुलीला तो अहवाल दाखवत होतो. तिला विज्ञानात गोडी लागावी हा उदात्त हेतू. तिचं मराठी अडखळतं, पण डोकं अडखळत नाही. ते आईवर गेलंय.

"बाबा, हे तर कॅनाबिस आहे."

"आहेच. पण लॅब-टेस्टेड. हे बघ, शिसं."

"शिसं नाही बाबा. म्हणजे... कसं सांगू... हे इथे अलाउड नाहीये ना?"

"कायदेशीर आहे गं. डॉक्टरांची चिठ्ठी आहे."

"इंडियात. पण भाईकाका तर इकडे आणतायत ना?"

माझ्या हातात पोह्यांचा चमचा होता. तो किती वेळ हवेत होता ते बायको अजून करून दाखवते.

इथे त्या झाडाचं चिमूटभर काही सापडलं तर माणूस आत जातो, बाहेर आला की थेट विमानात बसवतात आणि पुन्हा या देशात पाऊल ठेवता येत नाही. हे रुवीतलं शेंबडं पोरही जाणतं. आणि आत जाणार होते ते भाई, ज्यांचा गुडघा ठणठणीत होता.

मी फोन लावला. भाईंचा भारतातला नंबर मुंबईच्या विमानतळात शिरताना बंद होतो आणि इथला नंबर इथे उतरल्यावर सुरू. मधल्या वेळात ते अल्लाच्या हवाली. गावी त्यांच्या घरी, भाभींना लावला.

"त्यानी तर काल रातच्याच बशीनं गेले," भाभी म्हणाल्या. "काय झालं ओ?"

"काही नाही, काही नाही. ते माझं खोकं..."

"आलता ना तुमचा खोका! त्यानीच ताब्यात घेतलान, मला हात लावूक दिला नाय. खुशाल हात तुमी?"

मी खुशाल आहे असं सांगितलं. मग व्हॉट्सअ‍ॅप उघडलं आणि भाईंच्या इथल्या नंबरवर बोलून निरोप पाठवले. पहिला: "भाई, उतरल्या उतरल्या फोन करा." दुसरा: "भाई, फार महत्त्वाचं आहे." तिसऱ्यात माझा आवाज चढला: "भाई, ते गुडघ्याचं तेल गांजाचं आहे! बॅगेतून काढा! कुठेतरी ओता!" आणि चौथा: "भाई, त्यांना बॅग उघडू देऊ नका!" चारही निरोपांपुढे एकेक टिक. म्हणजे पोचले नव्हते.

बायकोने ताट उचललं आणि म्हणाली, "कपडे घाला. एअरपोर्टला जा. त्यांना धरलं तर पुढे व्हायचं आणि सांगायचं, बाटली माझी आहे."

"हो. म्हणजे बघतो कसं..."

"बघायचं नाही. पुढे व्हायचं. त्यांच्या थोरलीचं लग्न ठरलंय."

निघताना मी अहवाल छापून घेतला आणि घडी करून खिशात ठेवला. मुलगी दारात आडवी आली.

"बाबा, हे कशाला?"

"दाखवता येईल. शुद्ध माल आहे."

"बाबा, त्यात लिहिलंय कॅनाबिस किती परसेंट. तुम्ही पोलिसांना प्रूफ घेऊन जाताय."

कागद तिने काढून घेतला. मी जिना उतरलो. गुडघ्याचं सांगायचं तर तो त्या दिवशी अजिबात दुखला नाही. भीती हे औषध कुठल्याच जाहिरातीत का नसतं कोण जाणे.

विमानतळावर मी दोन तास आधी पोचलो आणि बाहेर येणाऱ्यांच्या दारासमोर उभा राहून कबुलीजबाबाची तयारी करायला लागलो. अरबीत. माझं अरबी म्हणजे यल्ला म्हणजे चला, खलास म्हणजे संपलं, माफी मुश्किला आणि चार आकडे. एवढ्या भांडवलावर ट्रक रिकामा करून घेता येतो, गुन्हा कबूल करता येत नाही. "तेल माझं, माणूस चांगला, खलास" इथपर्यंत गाडी जायची आणि त्यानंतर तोंडात आपोआप "माफी मुश्किला", म्हणजे काही अडचण नाही, असं यायचं. मुश्किला तर समोरच्या दारातून बाहेर येणार होती.

विमान उतरल्याची पाटी लागली. थोड्या वेळाने माझ्या निरोपांपुढे दोन टिका झाल्या. मग त्या निळ्या झाल्या. एक, दोन, तीन, चार! ऐकले! भाईंनी ऐकले! मी घरी फोन करून सांगितलंसुद्धा, "काळजी नको, मी वेळेत कळवलंय." त्या वाक्यात मी 'मी' या अक्षरावर जरा जास्तच जोर दिला होता.

लोक बाहेर यायला लागले. दोरीने बांधलेली खोकी, झोपलेली मुलं, नव्या साड्या. त्या विमानातले शेवटचं म्हातारं जोडपंही गेलं. भाई नाहीत. अर्धा तास, तास. पुढच्या विमानाचे लोक यायला लागले. मी फोन लावला तर तो कुणीतरी कापला. मग बायकोचं वाक्य आठवलं आणि मी खरंच पुढे झालो. दारावरच्या शिपायाला दोस्त म्हणून हाक मारत म्हटलं, "सदीक, माय फ्रेंड इनसाइड, तेल माझं." तो म्हणाला, "टॅक्सी बाहेर डावीकडे."

तेवढ्यात भाई आले. ट्रॉलीवर बॅग होती, पण तिचं तोंड नीट मिटलेलं नव्हतं. शर्टाची बाही बाहेर लोंबत होती. सोबत गणवेशातला एक अधिकारी. मी दोन पावलं पुढे झालो हे लिहून ठेवतो, कारण त्या दिवशीचं माझं तेवढंच बरं काम.

अधिकाऱ्याने भाईंना सुरेख हिंदीत विचारलं, "यही है?"

"हाच," भाई मराठीत म्हणाले.

अधिकाऱ्याने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "घुटना कौन सा?"

मी उजव्यावर हात ठेवला. त्याने मान हलवली, भाईंशी हात मिळवला, सलाम केला आणि आत निघून गेला. मला सलाम केला नाही.

गाडीत बसल्यावर भाई बोलले.

"भाऊ, तुमचा खोका आला त्याच दिवशी मी उघडला."

"उघडलात?"

"जो सांगतो उघडू नको, त्याचा मी पयला उघडतो. म्हणून अजून हाय या देशात. वर गांजाचा एवढा मोठा पान काढलेला, बघितला आणि कपाटात ठेवला. तिकडं हाय तो. रजेवर जाल तेव्हा तिकडंच बसून घ्या."

"मग मला कळवलं का नाहीत?"

"असल्या गोष्टी कोण फोनवर बोलतो काय?"

काय घडलं असणार ते मला कळायला लागलं होतं, उरलेलं भाईंनी सांगितलं. भाई आलेले निरोप नेहमी मोठ्या आवाजात ऐकतात. सामानाच्या तपासणीच्या रांगेत उभे होते, पुढे दोनच माणसं, हातात मसाला, सुकट आणि आमसुलं भरलेली निष्पाप बॅग. फोन सुरू केला. आणि त्या भल्यामोठ्या हॉलमध्ये माझा आवाज घुमला, "गांजाचं आहे! बॅगेतून काढा!" मराठी तिथे सगळ्यांना येत असेल असं नाही, पण 'गांजा' आणि 'बॅग' एवढे दोन शब्द कुठल्याही कस्टमच्या माणसाला पुरतात. चौथा निरोप तर त्या अधिकाऱ्याने स्वतः हातात फोन घेऊन ऐकला. दोनदा.

मग बॅग उघडली, रिकामी केली, अस्तर चाचपलं. मसाल्याच्या पुड्या उघडल्या. कुत्रा आणला. कुत्र्याला सुकट फार आवडली, तिथून हलेना, त्यात आणखी अर्धा तास गेला. भाईंनी दीड तास एकच गोष्ट सांगितली, की माझा शेजारी आहे, गुडघा दुखतो, माणूस वाईट नाही. शेवटी अधिकारी म्हणाला, मला तो माणूस बघायचाय.

"भाई, चुकलं माझं," मी म्हटलं. "मला तुम्हाला वाचवायचं होतं."

"मी वाचलेलाच व्हतो," भाई म्हणाले. बाहीने कपाळ पुसलं आणि पासपोर्ट खिशात आहे ना ते पुन्हा एकदा चाचपून पाहिलं. ते बघून मला पहिल्यांदा खरीखुरी लाज वाटली. त्याआधी वाटली होती ती नुसती भीती.

रुवीच्या वळणावर बायकोचा फोन आला. मी गाडी चालवत होतो, म्हणून स्पीकरवर टाकला आणि भाई शेजारीच आहेत असं सांगितलं.

"भाई, सुटलात ना? ठीक आहात ना?"

"ठीक हाय वहिनी. मसाला जरा सांडला तुमचा."

"मसाल्याचं सोडा हो. ह्यांचा गुडघा कसा आहे? सकाळपासून धावतायत."

"गुडघ्याचा नंतर बघा वहिनी," भाई म्हणाले. "आधी ह्यांच्या हातातला मोबाईल काढून घ्या."