तेरा ताटांचा आठवडा

मी दौंड तालुक्यातल्या राहू गावात नांदायला आले ते चौऱ्याण्णव साली, उन्हाळ्यात. घरात बारा माणसं. सासू सखूबाई, तिघे भाऊ, त्यांच्या आम्ही तिघी बायका आणि थोरल्या दोघींची मिळून पाच पोरं. पुढं माझी मुलगी झाली आणि तेरा ताटं झाली. चूल एकच. त्या चुलीवर संध्याकाळी काय शिजायचं हे एकच माणूस ठरवायचं, ते म्हणजे माझी थोरली जाऊ, रंभा. तिला सगळं घर अक्का म्हणायचं. मी पहिल्या दिवशी 'तुम्ही' म्हणाले तर म्हणाली, "माया, मला तुम्ही म्हणू नगंस. भैन हाय मी तुझी."

बाजाराच्या दिवशी पिशवी रिकामी झाली की अक्का लसूण सोलत उंबऱ्यापाशी बसायची आणि पुढच्या आठवड्याची सगळी संध्याकाळची जेवणं तोंडानं मांडायची. "सोमवारी हुलगं. मंगळवारी रानात गावंल ती भाजी. बुधवारी डाळकांदा करू, कांदा उतरलाय. बेस्तरवारी मटकीला मोड येत्याल..." असं करत रविवारपर्यंत. रविवारी सुकट. पावशेर सुकट तेरा माणसांना कशी पुरायची? ती वांगी आणि बटाटा घालून पुरवायची, आणि तरी प्रत्येकाच्या ताटात सुकट दिसायची. एकदा ठरलं की मोडायचं नाही, आणि आठवड्यात एक पदार्थ दोनदा करायचा नाही, हा तिचा नेम. घरात जे होतं ते फार नव्हतं. दीड एकर रान, थोरल्या दिरांची ऊसतोडीची आणि बांधबंदिस्तीची कामं, आम्हा बायकांची खुरपणी, माझ्या नवऱ्याचं, सतीशचं, कुरकुंभच्या एमआयडीसीत ठेक्यावरचं काम. पण खुरपायला गेलं की बागायतदाराच्या उसातून पाथरी, तांदुळजा, चिघळ अशी काहीबाही रानभाजी अक्काच्या ओच्यात यायचीच. शेवग्याला शेंगा नसल्या तर ती पाला ओरबाडायची. हुलगे तेच, पण या आठवड्यात त्यांचं माडगं, पुढच्या आठवड्यात पिठाचं वळलेलं शेंगोळं, त्याच्या पुढं मोड आणून उसळ. पोरं शाळेतून येताना वासावरून ओळखायची पैज लावायची.

मी नवी होते तेव्हा एकदा अक्काला ताप होता. आदल्या दिवशी पिठलं झालं होतं. घरात बेसनच होतं, म्हणून मी दुसऱ्या दिवशीही पिठल्याचंच आधण ठेवलं. अक्का घोंगडी अंगावर घेऊन उठली.

"काल पिठलंच हुतं न्हवं?"

"व्हय, पर बेसनच हाय घरात."

"बेसन हाय म्हंजी पिठलंच व्हय गं? वड्या थाप. रस्सा कर."

"ताप हाय तुला, झोप की."

"झोपते. तू आधी आधण उतरव."

मला राग आला होता. बारा माणसांच्या भाकरी थापून हात दुखत होते, त्यात वड्या कुठं थापत बसू! सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "तिचं हे असंच हाय. ऱ्हाऊ दी, कर बाई." मी वड्या थापल्या. अक्का खांबाला टेकून बघत राहिली आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर आडवी झाली. असं का करते, हे मी तेव्हा विचारलं नाही. माणसाला एखादं वेड असतं, तसं हे तिचं, असं धरून चालले.

दुसरं वेड मिश्रीचं. ते आम्हा सगळ्या बायकांनाच होतं. सकाळी दात घासायला, दुपारी रानात भूक मारायला, संध्याकाळी सहज. तंबाखू तव्यावर भाजून कुटायचं काम माझ्याकडं असायचं. मी चांगली भाजते, जळू देत नाही, असं अक्का चारचौघींत सांगायची, आणि मला त्याचं बरं वाटायचं.

दोन हजार एक सालच्या दिवाळीनंतर अक्काच्या हातचं जेवण मिळमिळीत व्हायला लागलं. तिची आमटी म्हणजे झणझणीत, खाताना नाक पुसायला लागायचं. ती फिकी झाली. आधी पोरं बोलली, मग तिचा नवरा, थोरले दीर भिमाजी, ताटावरच म्हणाले, "मिरच्या सपल्या का घरातल्या? का हात आखडलास?" अक्का म्हणाली, "पोटाला बरं असतंय कमी तिखट." तिची मुलगी गौतमी हिचं लग्न दौंडला ठरलं होतं, वैशाखात तारीख होती. आम्हाला वाटलं, लग्नाचा घोर आहे. पूर्वी अक्का आमटीचा थेंब तळहातावर घेऊन चव बघायची. आता पळी माझ्याकडं द्यायची, "तू बघ गं मीठ." मी बघायचे. ती स्वतः भाकरी दुधात नाहीतर आमटीत इतकी बुडवून ठेवायची की तिचा लगदा व्हायचा. हे सगळं मी रोज डोळ्यांनी बघत होते. सहा महिने बघत होते.

लग्न झालं. गौतमीला सासरी पोचवून आलो, त्याच्या तिसऱ्या दिवशी अक्का मला परसात घेऊन गेली आणि म्हणाली, "बघ गं काय झालंय." तिला तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडता येईना. गालाच्या आतून पांढरं झालं होतं आणि दाढेपाशी रुपयाएवढी जखम होती. वास आला. मी मागं सरले, आणि मी मागं सरले हे तिनं बघितलं.

"कवाधरनं हाय हे?"

"दिवाळीपास्नं. म्हनलं लगीन हू दी."

दौंडच्या डॉक्टरांनी बॅटरीनं एकदाच बघितलं आणि पुण्याची चिठ्ठी दिली. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात सांगितलं, कॅन्सर आहे, अर्धा जबडा काढावा लागेल. भिमाजी दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि उठेनातच. "मी तिला हात आखडलास म्हनलो, माया," एवढंच परत परत म्हणत होते. पळी तर रोज माझ्या हातात होती.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी अक्का आणि मी वॉर्डाच्या व्हरांड्यात बसलो होतो. ती अडखळत बोलायची, पण त्या दिवशी ती थांबेना. म्हणाली, "बोलून घेते. उद्यापास्नं यील का न्हाई."

ती बहात्तरच्या दुष्काळाबद्दल बोलली. तिचं माहेर शिरूर तालुक्यातलं मांडवगण फराटा. तेव्हा ती बारा वर्षांची होती. आई-बाप खडी फोडायच्या कामावर, ती आणि तिचा चार वर्षांचा भाऊ म्हाळू तिथंच कडेला. खायला रेशनची तांबडी मिलो ज्वारी. सकाळी मिलोच्या कण्या, संध्याकाळी मिलोची भाकरी, दुसऱ्या दिवशी तेच, महिनोन् महिने. म्हाळूला भरवायचं काम हिच्याकडं होतं.

"त्यो तोंड फिरवायचा. मी म्हनायची, खा रं, खा. त्याला भूक हुती, माया. पोटाला हात लावून दाखवायचा. पर ताटली बघितली की तोंड फिरवायचा. मी एक डाव मारला त्याला. मग हगवण लागली, आन् चार दिवसांत गेला. लोकं म्हनली, दुस्काळानं गेलं पोर. मला ठावं हाय, त्यो त्या ताटलीला कटाळून गेला."

मी तिचा हात धरला. म्हणाले, "अगं, तू बारा वर्साची. तुझ्या हातात काय हुतं?"

"त्येच की. तवा न्हवतं. नांदायला आल्यावर हुतं."

ऑपरेशननंतर ती बोलली नाही. चेहऱ्याची एक बाजू आत गेली होती, जीभ वळत नव्हती, नाकातून नळी घातली होती. नर्सबाईंनी मला नळीतून कसं द्यायचं ते शिकवलं आणि कागद दिला: दूध, डाळीचं पाणी, सातूचं पीठ, सगळं गाळून, दोन-दोन तासांनी. किरणांचे शेक घ्यायला महिना-दीड महिना जाऊन-येऊन झालं आणि मग आम्ही तिला घरी आणलं.

मी कागद बाजूला ठेवला असं नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं दिलं. पण संध्याकाळचं एक वेगळं करायचे. एका दिवशी नाचणीची आंबील, एका दिवशी हुलग्याचं कढण, एका दिवशी भोपळा शिजवून, कधी शेवग्याच्या पाल्याचं पाणी. फडक्यातून तीनदा गाळायचं, नाहीतर नळी तुंबायची. सासूबाई म्हणाल्या, "नळीला कुठली गं जीभ आलीया? कशाला जीव काढतीस?" मी म्हणाले, "नळीला न्हाई, पर अक्काला इचारू तर द्या." नळी लावायच्या आधी मी वाटी तिच्या नाकापाशी धरायचे आणि काय आहे ते सांगायचे. ती डोळे मिटायची. आवडलं की मान हलवायची. एकदा भोपळा दोन दिवस सलग झाला, तर तिनं माझ्या मनगटावर चापट मारली, आणि आम्ही दोघी हसलो. तिला हसताना त्रास व्हायचा, नळी हलायची, म्हणून मी लगेच गप्प झाले.

घरातल्या जेवणाचा आठवडाही तीच मांडायची, हातांनी. बाजाराची पिशवी तिच्या खाटेवर ओतायची. ती एकेक वस्तू उचलून बाजूला ठेवायची आणि बोटावर वार मोजायची. सगळ्यात पुढं अंगठा, तो सोमवार. दोन तळहात एकमेकांवर चोळले की शेंगोळं. चिमटीनं खुडल्यासारखं केलं की पालेभाजी. पोरांना या खुणा आमच्याआधी कळायला लागल्या. बाकीचे ओट्यावर जेवायचे, ती आतून बघायची. भिमाजी मात्र तिच्याकडं पाठ करून जेवायचे. तिच्यापुढं घास उचलवत नाही म्हणायचे.

सात महिने असे गेले. मग मानेला गाठ आली. पुण्यात म्हणाले, आता घरीच ठेवा. माघाच्या शेवटी एका बाजाराला मी पिशवी ओतली तर तिनं हात उचलला नाही. वांगं तिच्या तळहातावर ठेवलं, ते घरंगळून खाली गेलं. मी म्हणाले, "अक्का, सोमवारी काय करू?" ती वर पत्र्याकडं बघत राहिली. त्या सोमवारी मला काही सुचेना. मधल्या जाऊबाईंनी पिठलं केलं. मंगळवारीही पिठलंच झालं. बुधवारी सकाळी अक्का गेली.

आमच्या भीमवाड्यातली, दौंडची, मांडवगणची माणसं आली. त्रिशरण-पंचशील झालं. पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेल्या बायका अक्काच्या हातच्या चवीची आठवण काढून रडत होत्या. मी परसात जाऊन मिश्रीचा डबा उकिरड्यावर ओतला. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी नवी आणली.

वर्षभरात चुली वेगळ्या झाल्या. भांडण झालं नाही. नुसतं रोज संध्याकाळी काय करायचं यावर आम्ही दोघी जावा एकमेकींच्या तोंडाकडं बघायचो, आणि पुढं पुढं तेही बघणं नको झालं. सतीश कंपनीत कायम झाला, तसं आम्ही कुरकुंभला खोली घेतली.

दोन हजार पाच साली गौतमी पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडं आली. आई नाही, मग काकीचंच माहेर. मुलगी झाली. सव्वा महिना मी तिला एकटीनं सांभाळलं, शेक-शेगडी, डिंक, अळीव, जे जमलं ते केलं. जायच्या दोन दिवस आधी ती दारात पाय लांब करून बसली होती, बाळ मांडीवर.

"काकी, माझ्या लग्नाच्या आधीपास्नंच आईचं तोंड दुखत हुतं?"

"व्हय."

"तुला ठावं हुतं?"

खोटं बोलता आलं असतं. "दिसत हुतं," मी म्हणाले. "आमटी फिकी व्हायला लागली तवापास्नं दिसत हुतं. म्या इचारलं न्हाई, गौतमी. लगीन हुतं. आन् मला वाटलं, असंल काहीतरी."

तिनं बाळाचं टोपडं सारखं केलं. बाहेर पोराटोरांचा गलका चालला होता. मला वाटलं, ही आता पिशवी भरेल आणि आजच नवऱ्याला बोलावून घेईल. मग तिनं बाळ उचललं, माझ्या मांडीवर ठेवलं, आणि लंगोट धुवायला नळावर निघून गेली.