नवरदेवाच्या घोडीवरचा रायडिंग क्लास

यवतमाळ जिल्हा अन् कापसाचे ते खराब वर्षं, एवढं वाचलं का तुमी रुमाल हाती घेतला असन. ठेवून द्या. यात एक घोडी आहे, मोठ्या लोकायचे गुबगुबीत पोरं आहेत अन् मी आहे. रडाचं पाह्यजे असन तर दुसरं दुकान पाहा.

मारेगावच्या बाहेर एक जिनिंग होती. आधी तिथं दिवाळीपासून कापसाच्या गाड्यायची अशी रांग लागे का गाडीवाले तिथंच तीन दगडं मांडून भाकरी थापत. मंग बोंडं किडले, भाव पडला, रांग गेली. जिनिंगमालकाचा पोरगा तवाच पुन्याहून शिकून वापस आलता. काय शिकला ते कोनाले सांगता येत नव्हतं, त्याले बी नाही. त्यानं पाह्यलं, एवढं मोठं पटांगन रिकामं पडून राह्यलं. मंग इथं आता काय पिकवावं? तर घोडेस्वार.

बोर्ड लागला. बोर्डावर एक पांढरा घोडा समुद्राच्या कडेनं पळून राह्यला. मारेगावात समुद्र! महिन्याची फी एवढी का तवाच्या भावानं एक क्विंटल कापूस विकला तरी वरून खिशातले टाका लागत. अन् ती निस्ती बसाची फी. टोपी वेगळी, बूट वेगळे, हातमोजे वेगळे. आमच्याकडच्या उन्हायात, जवा कुत्रे बी नालीतून उठत नाहीत, तवा हे पोरं हातमोजे घालून फिरत.

बरं, एवढ्या फीत रोज किती? पटांगनाच्या पाच चकरा. आमी कॉलेज बुडवून भितीवर बसो अन् मोजो. सहावी चकर कोनाच्या बापाले भेटली नाही.

घोडी एकच होती. साऱ्या मारेगावानं तिले पाह्यल्या पाह्यल्या वळखलं, फक्त फी भरनाऱ्या मोठ्या लोकायनं नाही, अन् मालकाच्या पोरानं नाही, ज्याले सारे 'सर' म्हनत. ती आमच्या घरामांगच्या चाचाची घोडी, नवरदेवाची. माहा मोठा भाऊ तिच्यावर बसूनच मांडवात गेलता, अन् भीतीनं अर्ध्या रस्त्यात डोळे मिटून होता.

पन त्या वर्षायत लोकायजोळ पैसाच नव्हता. नवरदेव मोटरसायकलीवर येऊ लागले. घोडी कोन सांगन? चाचानं चाचीचं शिलाईमशीन विकलं अन् घोडीले कडबा घातला. तो सरला तवा एक वीटभट्टीवाला तिले पाहून गेला, दात मोजून गेला. भट्टीवर विटा वाहनारं घोडं दोन पावसाळे पाहत नाही, हे चाचाले माहीत होतं. तेवढ्यात हा क्लास निघाला. चाचाले पगार, घोडीले चारा. क्लास चालला तर घोडी घरी, क्लास बसला तर घोडी भट्टीवर. चाची आमच्या नळावर पानी भराले आली का रोज एवढंच माह्या मायले सांगे.

आता लग्नाच्या घोडीले काय येते? बॅन्ड वाजला का चालाचं. थांबला का थांबाचं. जोरात वाजला का पुढचे दोन पाय उचलून नाचाचं. बारा वर्षं तिनं दुसरं काही केलं नव्हतं. तुमी टाच मारा, लगाम ओढा, इंग्रजीत बोला, ती उभी ती उभीच.

सर पुस्तक पाहून शिकवे. "मुलांनो, घोड्याशी आपला संवाद पायातून होतो. लेग प्रेशर! लेग प्रेशर द्या!" पोरगं टाच मारे, अन् चाचा घोडीच्या कानाजोळ चालता चालता दात मिटून नाकातल्या नाकात बॅन्डची चाल धरे. पें पेपें, ढुम. पें पेपें, ढुम. घोडी चाले. पोराले वाटे आपन चालवली. सरले वाटे आपन शिकवलं. मायबापायले वाटे पैसे वसूल.

मले हे दुसऱ्याच दिवशी समजलं. आवाज सुटत नाही माह्या कानातून. चाचाले समजलं का मले समजलं.

"बेटा, कोनाले बोलू नको हां. पेट में रैना ये बात."

"राह्यली, चाचा."

अन् राह्यली बी, तीन महिने. बाकी साऱ्यायच्या नकला मात्र मी चहाच्या टपरीवर रोज करो. सगळ्यात चाले ती बी-बियान्याच्या दुकानवाल्याच्या मॅडमची. याच दुकानवाल्याचं बियानं त्या साली अर्ध्या तालुक्यात उगवलं नव्हतं, अन् याचाच पोरगा क्लासात पहिल्या नंबरावर, बूट बी सगळ्यात चमकते. मॅडम रंगीत छत्रीखाली खुर्ची टाकून बसे, बाजूले डॉक्टरची बायको.

"आमचा आधी स्विमिंगला जायचा, पण त्याच्यासाठी यवतमाळले जा लागते. हे कसं, जवळ पडते."

"आमची तर झोपेतही हो-हो करते घोड्याला."

"अहो, हॉर्सला हो-हो नाही म्हणत."

"मग काय म्हणतात?"

"ते सरांना विचारून सांगते."

मांगं काय चालते ते सरले माहीत नव्हतं. त्यानं मलेच बोलावलं. पालकांसाठी कार्यक्रम होता, माइकवर बोलनारा पाह्यजे होता.

"शुद्ध बोलशील ना?"

"अत्यंत शुद्ध, सर."

कार्यक्रमाच्या दिवशी सोफे आले, हार आले, फोटोग्राफर आला. चाचा धुतलेली लुंगी अन् पांढरी टोपी घालून घोडीले खरारा करून राह्यलता. सरनं त्याले खालून वरतक पाह्यलं.

"चाचा, आज तुम्ही आत येऊ नका. फोटोत बरं नाही दिसत. तिकडं बोअरजवळ उभे राहा."

"सर, मेरे बगैर वो जरा..."

"मुलं तयार आहेत, चाचा. तीन महिने शिकवलंय मी."

मी! पाच चकरायच्या वर ज्याले घोडी कधी समजली नाही, तो मी!

दुकानवाल्याचा पोरगा वर बसला. मी अत्यंत शुद्ध भाषेत त्याचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. पोरानं टाच मारली. घोडीनं शेपटीनं एक माशी हानली अन् उभी राह्यली. अजून टाच. सर वरडला, "लेग प्रेशर!" पोरगा टाचा मारून मारून लाल झाला. मॅडम सोफ्यावरून म्हने, "बेटा, सांग ना तिला!" मांगून एक बाप बोलला, "फी घोडीपर्यंत पोचली नाही वाटते."

बोअरजोळ चाचा जीव तोडून गाऊन राह्यलता, पन तिथून इथं काय आयकू येते? त्यानं माह्याकडं पाह्यलं. गळ्याले बोट लावलं, मंग दोन बोटायत इवलंसं अंतर दाखवलं. थोडं. हळू.

मी माइक तोंडाजोळ घेतला अन् चाचासारखंच नाकातून काढलं. पें पेपें, ढुम.

घोडी चालली. अहाहा, काय चालली! एक चकर पूर्न. फोटोग्राफर पळून राह्यला, चाचानं छातीवर हात ठेवला. मी थांबलोच होतो. पन सर सोफ्यापुढं येऊन म्हने, "पाहिलंत? याला म्हणतात कंट्रोल."

मंग मी अख्खा बॅन्ड काढला. पिपानी काढली, ढोल काढला, झांज काढली, नवरदेवाच्या दोस्तायच्या शिट्ट्या बी काढल्या. घोडीनं पुढचे दोन्ही पाय उचलले अन् सुरू झाली. पोरगा तिच्या मानेले लटकला. टोपी उडाली, एक बूट उडाला. घोडी नाचत नाचत थेट सोफ्यापुढं आली. मी बॅन्ड बंद केला. ती थांबली. नवरीच्या दारात थांबलं का तिले भिजवलेली चनाडाळ भेटते, म्हनून तिनं मॅडमच्या पर्शीत तोंड घातलं.

मॅडमनं जी किंकाळी मारली ती माह्याच्यानं अजून काढता येत नाही.

लोकं पोटं धरून हासले. हासनारे पाह्यले का मले काही सुचत नाही. मी सरच्या आवाजात "लेग प्रेशर!" म्हनलं. अजून हासले. मंग मी चाचाच्या आवाजात माइकवर बोललो, "अरे बेटा, लगाम तो दिखाने का है. मैं गाता, वो चलती. तीन मैने से मैंच गाता."

पोराले काही लागलं नाही. तो तर म्हने, "अजून एकदा!" पन मॅडम उभी राह्यली. "म्हणजे तीन महिने माझ्या मुलाला वरातीच्या घोडीवर बसवलं? एवढी फी घेऊन?" फी वापस मांगाले तिथंच गर्दी झाली. चौथ्या दिवशी बोर्ड उतरला.

पाचव्या दिवशी सकाळी चाचा आमच्या ओट्यावर आला. मायनं चहा आनला, त्यानं कपाकडं पाह्यलं नाही.

"सर की नकल कर, मॅडम की कर, दिनभर कर. मी हासतो तुह्यावर. मेरा आवाज काहून काढला बे? मी हात करून मांगतलं होतं तुले, थोडंसं गा म्हनून. भीक मांगली तेरे से."

मी म्हनलं, "चाचा, त्या लोकायची जिरवाची होती."

"किसकी जिरी? बता ना! दुकानवाल्याची? उसका छोकरा कल से तैरने जाता. सरची? वो पुना गया. भट्टीवाला उद्या येते. ती हलनार नाही त्याच्या मांगं, अन् मेरे से गाना होता नई अब. तूच येजो, तूच गाजो, अन् तूच चढवून देजो ट्रकात."

मी खाली पाह्यलं.

"हासू नको!"

"नाही हासलो, चाचा."

"तेरा मुंहच ऐसा है. तरी हासू नको. बारावीत दोन डाव नापास झाला तू, तेरे बाप ने मेरे कू रोते रोते बताया. मैंने किसी को बोला? माइक नई था मेरे पास, इसलिए नई बोला क्या?"