सुमतीबाईंच्या रायफलची नवी नळी

रावसारांच्या तोंडून ‘चालेल’ हा शब्द मी चार वर्षांत एकदाही ऐकला नाही. चेन्नईतल्या आमच्या रायफल क्लबात ते रायफली दुरुस्त करत; ‘सर’चं तिकडं ‘सार’ होतं. कुणी नवा सुटा भाग दाखवला की आधी चष्मा पुसत, मग तो भाग उजेडात धरून सावकाश फिरवत आणि म्हणत, "हें नको." परवान्याचे सतरा कागद पार करून परदेशातून आलेली वस्तू असली, तरी "हें नको."

आमची ओळख भाषेमुळे झाली. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटारींच्या कारखान्यात तपासणी विभागात होतो आणि रविवारी नेमबाजी शिकायला जायचो. एकदा व्हरांड्यात आईशी फोनवर बोलत होतो, तर आतून सत्तरीचे एक गृहस्थ लगबगीनं बाहेर आले.

"आपण मराठे काय?"

ते तंजावरकडचे. घराण्यातल्या कित्येक पिढ्यांनी महाराष्ट्र पाहिलेला नव्हता. माझं बोलणं थोडा वेळ ऐकून म्हणाले, "तुमचें मराठी पळतें हो. आमचें होतें तेथेंच बसून राहिलें."

पुढं दर रविवारी त्यांच्या शेडमधलं एक स्टूल माझं झालं. पत्नी सुमतीबाई गेल्यापासून त्यांच्याशी या भाषेत बोलणारं कुणी उरलं नव्हतं. मूलबाळ नव्हतं. अंबत्तूरला माडीवरच्या एका खोलीत ते एकटेच राहत. कधीकधी काम नसतानाही मला बसवून घेत आणि म्हणत, "कांहीं तरी बोला. काय तें महत्त्वाचें नाही."

सुमतीबाई त्याच क्लबात नेमबाजी करत. त्यांची बोल्ट-ॲक्शन रायफल क्लबाच्या कपाटात होती. तिची नळी झिजली होती, गोळ्या कागदभर विखुरत. क्लबात नव्या मुली येत होत्या, त्यांना रायफल हवी होती. सेक्रेटरींनी सांगितलं, "सार, नवी नळी बसवा, नाहीतर ही मोडीत काढावी लागेल."

पहिली नळी आली. रावसारांनी तिच्यातून शिशाची मऊ गोळी गजानं हळूहळू ढकलली. डोळे मिटलेले, सगळं लक्ष हातात. मध्यावर गज थोडा सैल सरकला. "हें नको." दुसरी नळी आरशासारखी चकचकीत होती. "बाहेरची चकाकी कोणास हवी? गोळी तर आंतून जाते," म्हणत त्यांनी मागचं तोंड तपासलं. काडतूस बसायची जागा केसभर एका बाजूला होती. तीही परत गेली.

मी तपासणीतला माणूस. मला राहवलं नाही. "सार, एवढा फरक आमच्याकडे पास होतो."

ते जुन्या नळीवर हात ठेवून म्हणाले, "पास होतो, ठाऊक आहे मला. पण ही काढिली म्हणजे तिच्या हातच्या गोळ्या जींतून गेल्या, ती नळी गेली. मग माझ्यापाशीं काय राहिलें?"

तिसरी नळी आली तेव्हा त्यांनी सकाळभर तपासली. गज, भिंग, माप, पुन्हा गज. दुपारी मान वर केली आणि वाईट बातमी द्यावी तसं म्हणाले, "यांत खोट सापडत नाही हो."

एकदा ठरल्यावर मात्र त्यांनी जीव ओतला. नुसती नळी चांगली असून भागत नाही म्हणाले. बोल्टला, म्हणजे काडतुसामागं बंद होणाऱ्या दांड्याला, निळी शाई लावून तो दोन्ही बाजूंनी सारखा टेकतो का, ते पाहिलं. टेकत नव्हता, म्हणून तोही बदलला. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी एका मुलीनं पाच गोळ्या झाडल्या आणि कागदावर जवळजवळ एकच भोक पडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सांगायला धावत शेडमध्ये गेलो, तर ते जुन्या नळीला तेल लावत बसले होते. कायद्यानं ती घरी नेता येत नव्हती. नीट पुसून, कपड्यात गुंडाळून त्यांनी ती स्वतः क्लबाच्या कपाटात जमा केली आणि त्या दिवशी लवकर घरी गेले.

पुढं माझी पुण्याला बदली झाली. रविवारी फोन करायचो. सुरुवातीला दर रविवारी, नंतर आठवलं की. ‘मी कामात असतो’ असं मी सांगायचो आणि ते म्हणायचे, "असावेंच."

एके दिवशी त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या तमिळ शेजारीण मामींचा फोन आला. रावसार गेले होते. माझा नंबर त्यांनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला होता.

"शेवटचे दोन दिवस सार तमिळ बोललेच नाहीत," मामी तमिळमध्ये सांगत होत्या. "दाराकडे बघून एकच काहीतरी विचारायचे. पाणी दिलं, कॉफी दिली. ते नको होतं. तुम्हाला कळेल म्हणून मी ध्यानात ठेवलंय." आणि त्यांनी एकेक अक्षर जपून उच्चारलं, "जे-वि-ली-स कां."

माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मी अर्थ सांगितला. ते बायकोला विचारत होते, जेवलीस का.

"अय्यो," मामी म्हणाल्या, "आधी कळलं असतं तर मी ‘हो’ म्हटलं असतं."